पट्टीचे पोहणारे, अनुक्रमांक तीन

मी पाण्याला भितो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तालुक्यात माझ्याबद्दल बरोबर उलटी समजूत होती.

माझं नाव कमलाकर पांढरीपांडे. वय एकोणपन्नास, उंची पाच फूट चार इंच, चष्मा जाड. आर्णीच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ सहायक आहे. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही; तिथल्या लोकांना अजून माझ्या शेजारी बसून डबा खायचा असतो. पाण्याच्या भीतीला म्हणाल तर काही कारण नाही. लहानपणी बुडालो-बिडालो नव्हतो. बुडायला आधी पाण्याजवळ जावं लागतं. आंघोळीलासुद्धा पहिला तांब्या पायावर, दुसरा गुडघ्यावर, असा मी टप्प्याटप्प्यानं भिजतो, आणि माझी बायको मंजुषा बाहेरून ओरडते, "अहो, गंगेत उतरून राह्यले काय?"

तर अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी एका विहिरीचा फोटो काढायला पाठवलं.

आर्णीपासून आठ किलोमीटरवर एक तांडा आहे. तिथल्या पूनमसिंग राठोडनं विहीर दुरुस्तीचा अर्ज केला होता. विहिरीचा एका बाजूचा कठडा ढासळला होता. फोटोत विहीर दिसली पाहिजे, पाणी दिसलं पाहिजे, वर तारीख-वेळ उमटली पाहिजे, असा नियम. मी स्कूटीवरून गेलो. पूनमसिंग पलीकडच्या वावरात सोयाबीन कापायला गेला होता. फोनवर म्हणाला, "साहेब, फोटो काढून घ्या तुमी. म्या येतोच अर्ध्या घंट्यात."

विहीर जुनी, दगडी, अर्धीअधिक भरलेली. कठडा होता त्या बाजूनं पाणी फोटोत येईना, म्हणून कठडा नव्हता त्या बाजूला गेलो. मोबाइल पुढे धरून वाकलो, आणि पडद्यावर मला एक बाई दिसली. पाठीवर पडलेली, डोळे मिटलेले, हात पसरलेले, पांढरे केस मोकळे, आणि लुगडं पाण्यावर पसरलेलं.

"मेली हो, मेली!" मी ओरडलो.

त्या बाईनं एक डोळा उघडला.

मेलेली बाई डोळा उघडून आपल्याकडे बघते तेव्हा माणसानं काय करावं, याचं परिपत्रक नाही. मी दचकलो, पायाखालचा दगड सुटला, आणि मी, चष्मा आणि सरकारी माहितीनं भरलेला मोबाइल, असे तिघं एकदम विहिरीत गेलो.

आतलं मला फारसं आठवत नाही. हिरवं पाणी, नाकात आग, आणि मी हाती लागेल ते धरत होतो. हाती लागला तो त्या बाईचा गळा.

"गळा सोडा! माया गळा सोडा अजी!" ती ओरडत होती. मी सोडला नाही. मग तिनं माझ्या कानशिलात एक अशी दिली की माझी पकड आपोआप सुटली. कॉलर धरून तिनं मला मोटरच्या पाइपापर्यंत ओढत नेलं आणि माझे दोन्ही हात त्यावर ठेवले. "हा धरा. हाव. आता तोंड बंद ठेवा. पाणी तोंडातूनच जाते आतमंधी."

बासष्ट वर्षांची बाई होती ती. मानीबाई, पूनमसिंगची आई. माझं ओरडणं ऐकून सोयाबीन कापणारे धावत येत होते आणि सगळ्यांत पुढे पूनमसिंगचा आवाज होता: "याडी! याडी!" त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तो आवाज ऐकला आणि इतका वेळ शांत असलेली मानीबाई एकदम घाबरली.

"साहेब," ती कुजबुजली, "माया पाय घसरला म्हणून सांगजा. म्या पोहून राह्यली होती म्हणून नोका सांगू. पोरानं इहिरीवर येणं बंद केलं हाय मायं."

हो म्हणायला किंवा नाही म्हणायला माझ्याकडे हवाच नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढला, पाइपाला गच्च मिठी मारली आणि केविलवाण्या आवाजात सुरू केलं, "वाचवा हो, वाचवा!" मी घाबरून पुन्हा तिच्या खांद्यावर हात टाकला. नेमकं तेव्हा वरून कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली. त्या व्हिडिओत एक म्हातारी रडते आहे आणि एक चष्मा नसलेला गृहस्थ एका हातानं पाइप व दुसऱ्या हातानं तिला धरून आहे.

दोराला बाज बांधून खाली सोडली. आधी मानीबाई वर गेली, मग मी. मी वर येऊन पोटातलं पाणी ओकत होतो तेव्हा कुणीतरी विचारलं, "साहेबानं उडी मारली काय?"

"मंग?" मानीबाई म्हणाली. "उगाच पडले काय?"

मी नाही म्हणायला हात वर केला. लोकांना वाटलं, साहेब 'पुरे पुरे' म्हणून राह्यले. पूनमसिंगनं माझे पाय धरले. तो नुसता हुंदके देत होता. खरं सांगायची तीच वेळ होती. मी मानीबाईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

या तीन शब्दांनी माझं पुढलं वर्ष खाल्लं.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ माझ्याआधी पोचला होता. मंजुषानं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"तुम्ही उडी मारली?"

"म्हणजे, परिस्थितीच तशी..."

"तुम्ही?"

"अगं..."

"चष्म्यासकट?"

दारातच सगळं सांगितलं. ती हसत हसत खाली बसली, मग भिंतीला टेकली. डोळे पुसून म्हणाली, "त्या बाईला लुगडं घेऊन जाऊ आपण. तिच्यामुळे माझं कुंकू राह्यलं आणि नाव तुमचं झालं."

आमची मुलगी मिताली नागपूरला शिकते. तिचा रात्री फोन आला. "बाबा, कॉमिक्समध्ये अस्संच असते. साधा माणूस असते, एक अपघात होते आणि त्याच्या अंगात शक्ती येते. तुमच्या अंगात काय आलं?"

"सर्दी," मी म्हणालो.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मला ते आवडायला लागलं.

चहाच्या टपरीवर लोक सरकून जागा द्यायचे. एका शाळेनं बोलावलं. तिथे एका मुलीनं माझं चित्र काढलं होतं, पाठीवर लाल झगा, खाली निळं पाणी, आणि डोक्यावर इतके दाट केस की मी ते चित्र मागून घेतलं. सव्वीस जानेवारीला शाल, श्रीफळ आणि मोठ्या साहेबांच्या सहीचं प्रमाणपत्र मिळालं: 'स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता'. ते आम्ही बैठकीत लावलं. म्हणजे मी लावलं; मंजुषानं खिळा धरायलाही नकार दिला. सुरुवातीला कुणी विचारलं तर मी 'हो, झालं खरं' एवढंच म्हणायचो. दिवाळीत विहीर तीस फूट खोल होती. संक्रांतीला पन्नास झाली. फेब्रुवारीत तळाशी एक साप आला. तो कुठून आला मला माहीत नाही, पण सांगताना मीच शहारलो.

एप्रिलमध्ये पावसाळ्यापूर्वीची बैठक झाली. पूर आला तर कोण काय करणार याच्या याद्या तयार करायच्या होत्या. आमचे साहेब म्हणाले, "पट्टीचे पोहणारे, तालुक्यात किती? पहिले दोन गेल्या वर्षीचेच ठेवा. आणि पांढरीपांडे, तिसरं नाव तुमचं टाका. बाहेर कायले शोधायचं?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याद्या टाइप करायचं काम माझंच. स्वतःच्याच हातानं मी टाइप केलं: अनुक्रमांक तीन, क. वा. पांढरीपांडे. मोबाइल क्रमांकही बरोबर टाकला, कारण चुकीची माहिती देणं माझ्या स्वभावात नाही.

त्या रविवारी मी आणि मंजुषा तांड्यावर गेलो. लुगडं राहिलंच होतं द्यायचं. पूनमसिंग बाजाराला गेला होता. मी मानीबाईला विहिरीकडे नेलं आणि यादीचं सांगितलं.

"मंग शिका," ती म्हणाली.

"मावशी, या वयात?"

"म्या कोणत्या वयात पोहतो? आता उन्हाळाच हाय. इहिरीत छातीएवढं पाणी. बुडायलेच पाणी नाही तुमाले."

ती कशी शिकली ते तिनं त्या दिवशी सांगितलं. तिचे आईबाप विहिरी खणायच्या कामावर जायचे. नऊ वर्षांची असताना ती बुडी मारून तळाचा गाळ घमेल्यात भरून आणायची. लग्नानंतर पोहणं सुटलं, मग नवरा गेल्यावर पुन्हा सुरू झालं, दुपारी, वावरात कुणी नसताना. दोन वर्षांपूर्वी तिला घरात एकदा भोवळ आली आणि पूनमसिंगनं विहिरीवर जायला बंदी घातली.

"त्याचं खरं हाय," ती म्हणाली. "पण जमिनीवर हे गुडघे माये नाहीत, साहेब. पाण्यात गेली का माये होते. एवढंच हाय."

मग दर रविवारी आम्ही जायला लागलो. पूनमसिंगला सांगितलं की दुरुस्तीची पाहणी चालू आहे. तो बिचारा प्रत्येक वेळी चहा पाठवायचा. भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवरून मी खाली उतरायचो. तेवढ्यालाच वीस मिनिटं लागायची. मानीबाईनं माझ्या पाठीला गोडेतेलाच्या दोन रिकाम्या कॅन बांधल्या. वर कठड्यावर बसून मंजुषा अंबाडीची भाजी निवडायची आणि वरूनच सूचना द्यायची.

"पाय मारा अहो, पाय! सायकल नाही चालवून राह्यले तुम्ही!"

"बाई, त्यायले बोलू नोका," मानीबाई म्हणायची. "ते अंग कडक करते. साहेब, पाण्याशी भांडू नोका. ते तुमच्या कचेरीतलं नाही."

दुसऱ्या रविवारी मी तोंड पाण्यात घातलं. चौथ्या रविवारी एक कॅन सुटली. मे संपताना मी कॅनशिवाय एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, म्हणजे वीस फूट, पोचलो. बेडकासारखा नाही, कुत्र्यासारखा, पण पोचलो. त्या भिंतीला मी असा हात लावला जसा कुणी देवाच्या पायाला लावेल. वर पाहिलं तर मंजुषा भाजी निवडायची थांबली होती. त्या दिवशी घरी जाताना तिनं एकही सूचना दिली नाही, आणि माझ्यासाठी तेच बक्षीस होतं.

या सगळ्यात एक चांगलं झालं. पूनमसिंगच्या फायलीत इतक्या पाहण्या नोंदवल्या गेल्या की दुरुस्ती मंजूर झाली.

पूर ऑगस्टमध्ये आला. दोन दिवस पाऊस कोसळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, पाऊस थांबल्यावर, साहेबांचा फोन आला. तांड्याच्या खालच्या अंगाला नाल्याचं पाणी वावरात पसरलं होतं आणि उत्तमसिंग नावाचे सत्तरीचे गृहस्थ गोठ्याच्या टिनांच्या छपरावर अडकले होते. जिल्ह्यावरून बोट निघाली होती, पण रस्ता बंद. यादीतला अनुक्रमांक एक कामासाठी पुण्याला गेला होता. अनुक्रमांक दोनला कावीळ झाली होती.

काठावर पन्नास-साठ माणसं उभी होती. गढूळ पाणी, त्यात वाहत जाणारी धसकटं, आणि चाळीसेक फुटांवर टिनांच्या एका टोकाला उकिडवे बसलेले उत्तमसिंग. दोन्ही हातांत त्यांनी आपल्या चपला धरल्या होत्या. मला बघून गर्दीत कुणी म्हणालं, "आले, इहिरीवाले साहेब आले!" आणि लोकांनी वाट करून दिली.

एवढी मोकळी वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती. तिच्या टोकाला पाणी होतं.

त्यांनी मला केशरी जॅकेट घातलं, कमरेला दोर बांधला, हातात ट्रॅक्टरची ट्यूब दिली. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, मला खरं तर..." साहेब म्हणाले, "माहीत आहे मला. तुम्ही बोलत नाही, करता."

मानीबाई पूनमसिंगसोबत गर्दीतच उभी होती. ती पुढे आली आणि मला हळूच म्हणाली, "सरळ नोका जाऊ. वरतून, त्या बांधावून उतरा. पाणीच नेते तुमाले गोठ्यापाशी."

मी ऐकलं, समजलं, आणि घाईत सरळच उतरलो. वीस फूट मला पोहता येत होतं, पण विहिरीत पाणी जागेवर उभं असतं. इथं ते निघालेलं होतं, आणि मलाही घेऊन निघालं. गोठा डाव्या हाताला दिसला, मग मागे गेला. ट्यूब हातातून सुटली. खालच्या अंगाला एक बाभूळ होती. तिनं मला अडवलं. दोन्ही हातांनी ती काटेरी फांदी धरून मी लटकलो. काठावरून लोक ओरडत होते, दोर ओढायला लागले तर मी आणखीच काट्यांत शिरत होतो.

तेवढ्यात गर्दीतून वेगळाच गलका झाला. बांधावर मानीबाई उभी होती. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, दुसरा दोर कमरेला. पूनमसिंग तिच्याकडे धावत होता आणि ओरडत होता, "याडी, नको! याडी!" तिनं मागं पाहिलं नाही. उडी मारली नाही तिनं, नुसती पाण्यात शिरली, घरात शिरावं तशी. चार-पाच हात मारले, बाकीचं पाण्यानंच केलं. टिनांची कड तिनं धरली, वर चढली, दोर गोठ्याच्या खांबाला बांधला आणि मग माझ्याकडे वळली. मी तिच्यापासून दहा-बारा फुटांवर होतो, आणि मधलं पाणी गोठ्याच्या आडोशानं जरा संथ होतं.

"साहेब, झाड सोडा!"

"नाही जमत, मावशी!"

"सा हात मारा. मोजून सा. म्या हाय इथं."

माझ्या आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी सोडल्या आहेत. तंबाखूसुद्धा नाही. ती फांदी मी सोडली. सहांपैकी एक, दोन, तीन मोजले, मग मोजायचं विसरलो, आणि कुणीतरी माझी कॉलर धरली. ही पकड माझ्या ओळखीची होती.

काठावरून आणखी एक ट्यूब दोरावर सरकवत आणली. मानीबाई दोर सांभाळत होती, म्हणून उत्तमसिंगांना ट्यूबवर बसवायचं काम माझ्याकडे आलं. ते हलेनात. सकाळपासून बसून त्यांचे पाय आखडले होते. मी हात पुढे केला तर त्यांनी एक चप्पल पाण्यात सोडून दिली आणि माझा हात धरला.

"सोडू नोका साहेब," ते म्हणाले. "तुमी असले का मले भेव नाही."

माझे तळवे काट्यांनी फाटले होते आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त कापत होतो. पण काठापर्यंतच्या चाळीस फुटांत मी तो हात सोडला नाही. दोराला धरून जायचं होतं, काही शौर्य नव्हतं त्यात. तरीही आजपर्यंत कुणी माझा हात धरून 'भेव नाही' म्हटलं नव्हतं. मंजुषानं लग्नात धरला होता, पण तेव्हा मीच घाबरलेला होतो.

आम्ही आणि मागोमाग मानीबाई काठावर आलो तेव्हा पूनमसिंग आईसमोर उभा होता. रागावला होता की रडत होता, कळत नव्हतं.

"तुले पोह्यता येते?"

"तुया जन्माच्या आंधीपासून," मानीबाई पदर पिळत म्हणाली.

"मंग त्या दिवशी इहिरीत..."

ती माझ्याकडे पाहू लागली. मी खाली चिखलात बसलो होतो. बसल्या बसल्या सांगितलं. फोटो, मेलेली बाई, एक डोळा, कानशिलात बसलेली, सगळं. सापाचंही सांगितलं, की तो नव्हता. मग मागून एक माणूस म्हणाला, "पाहा, साहेब किती साधे हायेत. सगळं नाव बुढीले देऊन राह्यले." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, खरंच!" मी ओरडलो. टाळ्या वाढल्या.

फक्त पूनमसिंगला पटलं. तो आईला खाली बसवून तिच्या ओल्या केसांत अडकलेलं गवत काढायला लागला. "सांगून जात जा मले," एवढंच म्हणाला. "म्या काठावर बसत जाईन."

आमचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "पांढरीपांडे, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण प्रमाणपत्रावर मोठ्या साहेबांची सही आहे. ते परत घ्यायला नमुना नाही आपल्याकडे." म्हणून ते प्रमाणपत्र अजून आहे. मी बैठकीतून काढून कपाटात ठेवलं, तर मंजुषानं पुन्हा बैठकीत लावलं. म्हणाली, "आता असू द्या."

यंदाची यादी मीच टाइप केली. अनुक्रमांक एक, मानीबाई राठोड. अनुभवाच्या रकान्यात 'चोपन्न वर्षे' लिहिलं, साहेबांनी विचारलं, "टायपिंगची चूक आहे का?" मी म्हणालो नाही. माझं नाव मी 'दोर धरणारे' या सदरात हलवलं. गेल्या महिन्यात प्रशिक्षण झालं, तेव्हा मानीबाई लुगड्यावर केशरी जॅकेट घालून आली होती आणि शिकवायला आलेल्या जवानाला सांगत होती की असं शिकवाल तर माणसं बुडतील.

रविवारी आम्ही अजून जातो. विहिरीला नवा कठडा झाला आहे आणि पूनमसिंग त्यावर बसून बिडी ओढत आईवर लक्ष ठेवतो. कठडा झाल्यावर पहिल्याच रविवारी मंजुषा वरून म्हणाली, "मीही उतरून बघते जरा." कॅन नको म्हणाली. पदर खोचला, दगडांवरून दोन मिनिटांत खाली गेली. आठ दिवसांत ती पाठीवर तरंगायला लागली. मला अजून ते जमत नाही.

मी वर बसून अंबाडीची भाजी निवडतो. खालून मानीबाई ओरडते, "साहेब, देठं काढा जराशे. मागच्या बारीले सगळे देठंच होते भाजीत."